फार दूर नाही, फार जवळ नाही

विजासन टेकडीतली लेणी भद्रावतीच्या बाजारपेठेपासून जेमतेम दोन किलोमीटरवर आहेत. चालत निघालं तर अर्ध्या तासात माणूस तिथे पोचतो. ध्यानाला एकांत लागतो, असं आपण सगळेच धरून चालतो. मग ज्यांनी हा खडक फोडला ते लोक गावाच्या इतक्या जवळ का थांबले असतील? पूर्वेला ताडोबाचं रान तेव्हाही होतंच, आणि आजच्यापेक्षा दाट असणार. तिकडे त्यांना कुणी अडवलं नसतं. तरी त्यांनी नांदत्या वस्तीलगतची टेकडी निवडली.

कारण साधं आहे. भिक्खूला रोज भिक्षा लागे, आणि मध्यान्हीनंतर जेवायचं नाही असा नियम होता. म्हणजे रोज सकाळी पात्र घेऊन गावात उतरणं आलं, दारोदार थांबणं आलं, लोकांची सुखदुःखं कानांवर पडणं आलं, आणि उन्हं चढायच्या आत परतणंही आलं. त्यांचं बसणं या रोजच्या येण्याजाण्याभोवतीच रचलेलं होतं. लेण्याची घडणही तशीच आहे. टेकडीच्या पोटात सरळ गेलेली एक वाट, जुन्या मोजणीप्रमाणे 71 फुटांची, आणि तिच्या शेवटी गाभाऱ्यात आसनावर बसलेली भव्य बुद्धमूर्ती. या वाटेला काटकोनात फुटलेल्या आणखी दोन वाटा, त्यांच्या टोकालाही एकेक गाभारा. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात भांदकला, म्हणजे आजच्या भद्रावतीला, आला, त्याने इथल्या अवशेषांची नोंद केली आणि चिनी प्रवासी ह्युएन त्संगाने वर्णन केलेली कोसलची राजधानी हीच, असं मत मांडलं. त्यावर विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाला. मला त्या वादापेक्षा ती सरळ वाट जास्त महत्त्वाची वाटते. मधली वाट कुठे वळत नाही, म्हणून अगदी आतून मागे पाहिलं तरी दार दिसतं.

घरी रोज ध्यानाला बसायला लागल्यापासून हे लेणं माझ्यासाठी नुसतं प्राचीन अवशेष राहिलेलं नाही. नवशिक्याला जे प्रश्न पडतात, म्हणजे कुठे बसू, केव्हा बसू, आवाजाचं काय करू, घरच्यांचं काय करू, ते सगळे इथे कुणीतरी खडकात सोडवून ठेवले आहेत असं वाटतं.

हेच प्रश्न एका माणसाने लिहूनही ठेवले आहेत. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ रचला. ध्यान शिकू पाहणाऱ्याला हाताशी धरून नेणारा याच्याइतका मायाळू जुना ग्रंथ मी वाचलेला नाही. मराठी माणसाशी या ग्रंथाचं नातंही जवळचं आहे. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीने घर सोडून निघाले, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश फिरले, आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात हेन्री वॉरन यांच्या निधनामुळे अपुरं राहिलेलं याच ग्रंथाच्या संपादनाचं काम त्यांनी पुरं केलं. छापील ग्रंथ आला 1950 मध्ये. कोसंबी त्याआधीच, जून 1947 मध्ये, सेवाग्रामला वारले. आमच्या भांदक स्टेशनावरून नागपूरकडे निघालेली गाडी हिंगणघाट मागे टाकून सेवाग्रामवरूनच जाते. त्या स्टेशनाची पाटी दिसली की मला बापूंच्या बरोबरीने कोसंबी आठवतात. त्यांनी पालीतून जपून आणलेली पानं मी माझ्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत वापरते आहे, याचं मला फार अप्रूप आहे.

तर या ग्रंथात, ध्यान करणाऱ्याने कोणते विहार टाळावेत त्याची यादी आहे. दोष अठरा. फार मोठा विहार नको, अगदी नवा नको, मोडकळीला आलेला नको. रस्त्याकाठचा नको, कारण येणारेजाणारे सारखे येऊन थडकतात. तळ्याजवळचा नको, कारण पाण्याला माणसं जमतात. जिथे भाजीची पानं मिळतात, फुलं मिळतात, फळं मिळतात, तोही नको, कारण ती खुडायला लोक येतात, गाणी म्हणतात, फळं दिली नाहीत तर रागावतात. लाकूड देणाऱ्या झाडांजवळ लाकूडतोडे येतात. शेताजवळ असेल तर लोक थेट विहारातच खळं करून धान्य मळायला लागतात. नावाजलेलं ठिकाण नको, शहर नको, राज्याची सीमा नको. यादी अशी पुढे जाते.

ही यादी हातात धरून भद्रावतीत फिरून पाहावं. नागपूर-चंद्रपूरचा हमरस्ता गावाला लागून, त्यावर कोळशाचे ट्रक. दिल्ली-चेन्नईची लोहमार्गाची मोठी वाट भांदक स्टेशनातून जाते आणि मालगाड्या रात्रंदिवस धडधडतात. डोलारा तलाव आहे. पानांचं म्हणाल तर मे महिन्यात अख्खा मुलूख तेंदूपत्त्यामागे रानात असतो. फुलांचं म्हणाल तर चैत्रात मोहफुलं वेचायला पहाटेच्या अंधारातच टोपल्या निघतात. सागवानाचं लाकूड आहे. पश्चिमेला वरोऱ्याकडे कापूस-सोयाबीन, पूर्वेला मूल-सिंदेवाहीकडे धानाच्या बांध्या. नावाजलेलं तर आहेच: भद्रनागाचं मंदिर, केसरिया पार्श्वनाथांचं जैन तीर्थ, आणि शिवाय दारूगोळ्याचा कारखाना. बुद्धघोषाच्या मोजणीत आमचं गाव कुठेच बसत नाही. तरीही इथे लेणी कोरली गेली आणि तिथे माणसं बसली.

यादीतला अठरावा दोष मात्र निराळा आहे. जिथे चांगली संगत मिळत नाही, कल्याणमित्र नाही, ती जागा नको. आधीचे बहुतेक दोष आवाजाचे आणि वर्दळीचे आहेत, शेवटचा माणसाच्या उणिवेचा आहे. यादी भिक्खूसाठी आहे आणि भिक्खू उठून दुसरीकडे जाऊ शकतो. संसारी माणूस जाऊ शकत नाही. त्याच्या वाट्याला रस्ता, तळं, पानं, फुलं, शेत, शेजार हे सगळं येणारच. माझं ठाम मत असं झालं आहे की घरी बसणाऱ्याने आधीचे सतरा दोष बिनतक्रार पत्करावेत आणि अठराव्याची मात्र जिवापाड काळजी घ्यावी. आपण नेमकं उलट करतो. शांत खोली शोधतो, कानांत घालायचे बोळे विकत आणतो, सुट्टीची वाट पाहतो, आणि बसतो मात्र एकटे, कुणाला न सांगता. म्हणून ते टिकत नाही.

त्याच पानांत चांगल्या जागेचीही लक्षणं दिली आहेत आणि पहिलं लक्षण असं की भिक्षेच्या गावापासून ती फार दूर नसावी, फार जवळही नसावी, आणि जायला-यायला वाट असावी. विजासनच्या दारात उभं राहिलं की या एका ओळीचा नकाशाच समोर दिसतो.

आता प्रत्यक्ष बसण्याबद्दल. माझी वेळ नळाशी बांधलेली आहे. पहाटे पाणी येतं, ते भरून झालं, पिंपाचं झाकण बसलं, की चहाचं आधण ठेवण्याआधी मी भिंतीला पाठ न टेकता घोंगडीच्या घडीवर बसते. मांडी जमत नसेल त्याने खुर्चीवर बसावं, त्यात काही कमीपणा नाही. पाठ ताठ आणि पाय जमिनीला टेकलेले, एवढं पुरे. सुरुवातीला दहाच मिनिटं. नवशिक्याला दहा मिनिटं फार मोठी असतात हे ज्याने अनुभवलं आहे त्याला सांगायला नको. नाकावर खाज येते. पाय जड होतो. डाळ भिजत घातली का, हा प्रश्न जगातला सगळ्यांत तातडीचा होऊन बसतो.

इथे बुद्धघोष जे सांगतो ते मला सोन्यासारखं वाटतं. तो म्हणतो, श्वास मोज. पाचाच्या आत थांबू नकोस, दहाच्या पुढे जाऊ नकोस. पाचाच्या आत मन कोंडतं, दहाच्या पुढे गेलं तर ते श्वास सोडून आकड्यांच्याच मागे लागतं. आणि मोजायचं कसं? आधी धान्य मापणाऱ्यासारखं. मापारी माप भरतो, ‘एक’ म्हणून ओततो, पुन्हा भरताना काडीकचरा दिसला तर तो काढून टाकतो, पण तोंडाने ‘एक, एक’ चालूच असतं. आमच्याकडे पायलीने धान मोजताना ज्याने पाहिलं आहे त्याला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. मापारी घाई करत नाही. मध्ये कुणी हाक मारली तरी माप पुरं ओतल्याशिवाय मान वळवत नाही. खडा दिसला म्हणून त्याला राग येत नाही, तो खडा बाजूला टाकतो आणि आकडा धरून ठेवतो. डाळीची आठवण आली की तीही तशीच बाजूला ठेवायची. चार म्हटलं होतं, आता पाच.

मोजणी सावकाश जमायला लागली, श्वास स्पष्ट कळायला लागला, की मग गुराख्याची मोजणी. गुराखी सकाळी खिशात खडे, हातात दोरी-काठी घेऊन गोठ्याच्या फाटकाच्या आडव्या दांड्यावर बसतो. रात्रभर कोंडलेली गुरं एकमेकांना रेटत बाहेर निघतात. तो आत जाऊन मोजत नाही, बाहेर रानात त्यांच्या मागे जाऊनही मोजत नाही. जे जनावर फाटकात येईल तेवढंच मोजतो, एकेक खडा टाकत. आमच्या भागात आखरावर सकाळी गावची गुरं जमतात तेव्हा हे दृश्य डोळ्यांसमोर घडतं. श्वास आत छातीपर्यंत नेऊन शोधायचा नाही, बाहेर त्याच्या मागे धावायचं नाही, नाकपुडीच्या दारात बसायचं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या भिक्खूने हे ज्यांच्याकडे पाहून लिहिलं ते शेतकरी आणि गुराखीच होते. ध्यान म्हणजे काहीतरी परकं, शिबिरातलं, शहरातलं असं ज्यांना वाटतं त्यांना मी या दोन मोजण्या आवर्जून सांगते.

मन पळतं, याचंही दुःख करू नये. 2012 साली वेंडी हॅसेनकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुभवी साधकांचं मेंदूचित्रण करत एक साधा प्रयोग केला. श्वासावर लक्ष ठेवून बसायचं आणि मन भटकलं होतं हे लक्षात आलं की कळ दाबायची. त्यातून त्यांनी चार टप्प्यांचं एक चक्र मांडलं: मन भटकणं, भटकल्याचं कळणं, परत वळणं, टिकून राहणं. भटकणं हा या चक्राचाच एक भाग आहे. अनुभवी माणसांच्याही हातात ती कळ द्यावी लागली, यातच नवशिक्याला किती धीर आहे.

एक मात्र सांगायलाच हवं. काही माणसांना डोळे मिटून बसल्यावर बरं वाटण्याऐवजी घाबरं होतं, जुनं काहीतरी अंगावर येतं. अशांनी हट्टाने बसू नये. डोळे उघडे ठेवावेत, चालत चालत पावलांवर लक्ष ठेवावं, आणि त्रास टिकला तर डॉक्टरांकडे जावं. ध्यान औषधाच्या जागी घ्यायची गोष्ट नाही.

आता अठराव्या दोषाकडे येते, कारण माझ्या मनात सगळ्यांत जास्त तेच आहे.

संगत म्हणाल तर विदर्भातल्या गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाची माणसं आहेत. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, हा नेम राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिला. 1909 साली यावलीला जन्मलेला माणिक नावाचा हा मुलगा कोवळ्या वयात आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या रानांत येऊन राहिला. चिमूर तालुक्यातल्या रामदेगीच्या आणि गोंदोड्याच्या गुहेच्या आठवणी लोक अजून जपतात. एकांत त्यांना पुरेपूर ठाऊक होता. पण लोकांना देताना त्यांनी गुहा दिली नाही. गावाला एकत्र बसायची एक ठरलेली वेळ दिली. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं, त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपुरात अटक झाली आणि डिसेंबरपर्यंत त्यांना नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. बाहेर आल्यावरही प्रार्थना त्यांच्या कामाच्या मध्यभागी राहिली. ग्रामगीतेत रस्ते, स्वच्छता, शिक्षण, शेती यांच्या रांगेत प्रार्थनेला जागा आहे, हे मला फार मोठं वाटतं. प्रार्थनेच्या वेळी समोर जे अधिष्ठान मांडतात त्यावर मूर्ती नसते, फोटो नसतो. कोणत्याही जातिधर्माच्या माणसाने समोर बसावं म्हणून ते आसन रिकामं.

आमच्या गल्लीत कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक काका या नेमाचे आहेत. मी त्यांना एकदा विचारलं की इतक्या वर्षांत मन लागायला लागलं का. ते म्हणाले, “मन लागते का नाई लागते, ते कायले पायतं? टायमावर येऊन बसत जाय, बाई.” पाळीच्या भोंग्यावर आयुष्य काढलेला हा माणूस आहे. वेळ पाळण्याचं वजन त्याला जितकं कळतं तितकं ध्यानावरच्या पुस्तकांना क्वचितच कळतं.

तसाच दुसरा आधार बुद्धविहारांचा. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्या पिढीच्या घरांतून वंदना आजही चालू आहे. कुठे रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून, कुठे रविवारी विहारात. विजासनच्या लेण्यात ही माणसं येतात तेव्हा ती पर्यटक नसतात. त्रिसरण-पंचशील म्हणून झाल्यावर जी थोडी शांतता असते, तीत लहान मुलंही आपोआप गप्प बसतात. ध्यानाची गोडी मुलांना लावायचे खास वर्ग नंतर काढले तरी चालतील. आधी घरातली मोठी माणसं रोज एका वेळी बसलेली त्यांना दिसायला हवीत.

आणि चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूरला विपश्यनेचं केंद्र आहे, धम्म अजय. सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी दहा दिवसांच्या शिबिरांची परंपरा इथे रुजवली. पहाटे चारला उठणं, पूर्ण मौन, पहिले तीन दिवस फक्त श्वास, आणि शुल्क नाही, सगळं दानावर. तिथून आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरचा उजाळा मी पाहिला आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. घरी परतल्यावर रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा असं ते सांगतात. पाळीत काम करणाऱ्याला, लहान मुलं असलेल्या बाईला दोन तास काढणं कठीण जातं, आणि मग दोन तास नाहीत म्हणून दहा मिनिटंही सुटतात. माझ्या मते नवशिक्याने आधी वेळेचा खुंटा पक्का रोवावा, तासांची लांबी नंतर पाहावी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला होता, तो अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या हिशेबाने सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात, पण कुणाला 18 तर कुणाला 254. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. प्रत्येकाची नवी कृती दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडलेली होती, जसं नाश्त्यानंतर. माझ्याकडे नळ, भिक्खूंकडे भिक्षेची फेरी.

मागच्या गल्लीतली एक बाई हंगामात कापूस वेचायला जाते. पहाटे ऑटोत कोंबून बायका निघतात, त्यामुळे सकाळचं बसणं तिला शक्य नाही. तिने माझ्याबद्दल कुणाकडून तरी ऐकलं आणि परवा दारात उभी राहून विचारलं, “ताई, रातच्याला भांडे घासून झाले का बसलं त चालते का?” चालतं, म्हणाले. एकटीने बसायची तिला भीती वाटते, झोप लागेल म्हणते. मग असं ठरलं आहे की उद्यापासून मी तिच्याकडे जायचं, नऊच्या सुमारास, आणि दोघींनी तिच्या ओट्यावर बसायचं. घर हमरस्त्याला लागून आहे, ट्रक रात्रभर जातात. धूळ बसू नये म्हणून ती ओट्यावर पाणी मारून ठेवणार आहे, घोंगडी मी नेणार आहे, आणि पहिल्या आठवड्यात दहापर्यंतचे आकडे आम्ही मोठ्याने म्हणणार आहोत.